घशातलं पीठ

चोपड्यात, यावल रस्त्याला वळताना
डाव्या हाताला लागते ती चक्की आमची.
पाटीवर अजून बापाचंच नाव आहे:
सुपडू ओंकार नेहते.
आधीची तीन गेली, हा तरी जगावा
म्हणून जन्मताच सुपात घातलेला.
तो जगला, आणि पिठातच जगला.

सकाळी आधी शटर उघडते,
मग खिडकी, मग नाक.
आंबूस वास आला तर मोटरला हात लावायचा नाही,
कुठंतरी कोपऱ्यात पीठ ओलं झालंय,
ते सापडेपर्यंत गिऱ्हाईक उभं राहिलं तरी चालेल.

हॉपरच्या तोंडाशी एक चुंबक आहे,
भंगारातल्या स्पीकरचं.
महिन्याभरात त्याला चिकटतात
टाचण्या, पिना, पोत्याच्या सुईचं टोक,
एकदा सायकलच्या चेनची अख्खी कडी.
सगळं एका बरणीत ठेवलंय.
कुणाच्याच पोटात न गेलेल्या वस्तू.

दर पंधरवड्याला दगडाला टाकी.
वरचा दगड दोघांनी उचलायचा,
छिन्नी धरायची तिरपी, रेघ मध्यापासून कडेकडे.
पहिले दोन किलो कोंडा दळून फेकायचा.
तो फेकताना कंजूषपणा केला
की गावभर भाकरी कचकचते,
आणि कुणी तुमच्या तोंडावर सांगत नाही,
नुसते डबे दुसरीकडे वळतात.

मिरची कांडपाचा शेड मागं, वेगळा.
भगरीला वेगळी छोटी चक्की, एकादशीच्या आदल्या दिवशी धुतलेली.
कळण्याची ज्वारी-उडीद आली
की पुढच्याला विचारायचं, चालेल का मागचा उडीद?
गरम पिठाच्या डब्यावर झाकण ठेवू नका, बाई,
पिठालाही घाम येतो.
हे मी दिवसातून चाळीस वेळा म्हणते.

वैशाखात एका दुपारी
लाईट तीनला गेली, साडेपाचला आली.
रेलीबाई पावरा वैजापुराहून मका घेऊन बसलेली,
तिच्यामागं प्रमिलाकाकूंचा गहू.
मक्याचं दळण झालं. काकू पुढं झाल्या,
डबा कमरेवरून खाली न ठेवता म्हणाल्या,
"मना दयनना पह्यले कोनं दयन व्हतं व?"

समोरच तर होती ती.
डोक्यावर चुंबळ बसवत होती.
पट्टा फटफटत थांबला, तेवढ्यात
सगळ्या चक्कीला ऐकू गेलं.

मी म्हटलं, काकू, मका होता.
दोनदा चाळलेला, उन्हात कडक वाळलेला,
खडा नाही, काडी नाही,
चुंबकाला काहीच लागलं नाही.
आता तुमचा गहू दाखवा.
हात घातला तर मुठीत सोंडे चालत होते.
म्हटलं, हा मी असाच घातला
तर मला घसा उघडून साफ करावा लागेल,
पुढच्या माणसासाठी.

काकू काही बोलल्या नाहीत.
रेलीबाई हसली की नाही, पाहिलं नाही मी.
ती परत आली, आणि तिथलं सूप उचलून
काकूंचा गहू पाखडायला बसली.
तिला कुणी सांगितलं नव्हतं.
मला ते आवडलं नाही, अजूनही आवडत नाही.
मी दुसरं सूप काढलं, काकूंच्या हातात दिलं.
बराच वेळ दोन सुपांचा आवाज.

रात्री घसा उघडते.
ब्रशनं, मग लाकडी चमच्यानं खरवडते.
अर्धा-पाऊण किलो निघतं
दादर, मका, गहू, थोडा उडीद.
बापाला चिमटीत चोळून कळायचं कुणाचं किती.
मला नुसतं पीठ दिसतं.
ते म्हशीच्या आंबोणात जातं.
कापडी नळी उलटी करून धुते, दोरीवर टाकते.

मग भिंतीवर खडूनं तारीख: घसा साफ.
दरवर्षी चुना देते, पण एक वीत सोडून.
तपासणीचे साहेब विचारून गेले,
एवढंच का राहिलं?
म्हटलं, राहू द्या.
तिथं बापाच्या हातची शेवटची तारीख आहे,
आणि पुढं, त्याच अक्षरात: घसा साफ.