पश्चिमेची भिंत

सियागंजातल्या मुर्तुझाभाईंनी
सागाच्या फळीवर चार पट्टे ओढून दिले,
मागे पेन्सिलीनं एक, दोन, तीन, चार.
म्हणाले, घरी नेऊन उन्हात बघा,
आमच्या ट्यूबलाइटच्या भरवशावर राहू नका.

मुकुंदनं फळी आधी नाकाशी धरली.
मधलं दिसत नाही त्याला आता,
कडेकडेचं दिसतं तेवढंच.
माझा चेहरा गेलाय, कान उरलेत.

"सांग," म्हणाला.
आणि मी, बत्तीस वर्षं वीज मंडळात
आकडे जुळवत बसलेली बाई,
रंग सांगायला बसले.
पहिला: काहीच नाही, नुसतं ओलं लाकूड.
दुसरा: दूध घालायच्या आधीचा चहा.
"उकळता की गाळलेला?"
गाळलेला.
तिसरा: सराफ्यातला गराडू, तिसऱ्यांदा तळलेला.
चौथा राहू दे, चौथा म्हणजे बँकेचं दार.

हसला. आणि म्हणाला, पहिलाच.
लाकूड दिसलं पाहिजे.
कोणाला, ते मी विचारलं नाही.

सिमरोळच्या पुढे, चोरलच्या वाटेवर
एकशे बेचाळीस ओंडके त्यानं एकावर एक रचले,
बडवाहच्या डेपोत लिलावात बोली लावून आणलेले,
टोकाटोकांवर जंगल खात्याच्या हातोड्याचे आकडे.
लोक गाडी थांबवून विचारायचे, जेवण मिळेल का.
नऊ वर्षांत तीन भिंती टिकल्या.
पश्चिमेची राखाडी पडली,
हात फिरवला की कूस टोचायची.

मुर्तुझाभाईंचा हिशोब सरळ होता:
ऊन अडवतो तो रंग.
बिनरंगी तेल म्हणजे छत्रीच्या नुसत्या काड्या.
मी तीन नंबरचे दोन डबे घेतले
आणि घरी सांगितलं, पहिलाच आणला.

दिवाळी उलटल्यावर भेरूलाल आला.
भिंत धुतली. चार दिवस नुसती वाळू दिली.
ऐंशी नंबरच्या कागदानं घासली,
मग चमच्यानं पाणी शिंपडून बघितलं:
थेंब बसून राहतो की आत जातो.
आत गेला.

काम सकाळचंच, ऊन त्या बाजूला यायच्या आत.
एक ओंडका धरला की या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत,
मध्ये थांबलं तर सांधा दिसतो जन्मभर.
भेरूलालची बिडी तीन तास कानावरच राहिली.
पंधरा मिनिटांनी चिंधीनं पुसायचं,
लाकडानं जे नको म्हटलं ते परत घ्यायचं.

मुकुंद खुर्ची टाकून पाठमोरा बसलेला.
"ब्रश कोरडा झालाय," म्हणायचा, आवाजावरून.
"टोकांना अजून पाज. टोकंच पितात."
खरंच प्यायली. तीनदा भरली तरी कोरडी,
लांबच्या गावाहून चालत आल्यासारखी.

तिसऱ्या दिवशी भिंतीशी आला.
टोकांवरून बोट फिरवत आकडे वाचले,
सत्तावन्न. एकशे तीन. हा पीळदार निघाला होता,
सुतार घेऊ नका म्हणत होता.
मग लांब उभा राहिला,
तोंड आंब्याच्या झाडाकडे,
आणि बराच वेळ तसाच.

"गराडू," म्हणाला,
"दोनदाच तळतात. तिसऱ्यांदा कोणी तळत नाही."

मी डब्याचं झाकण ठोकत राहिले,
गरजेपेक्षा जास्त वेळ.

तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकायच्या नसतात,
आपोआप पेटतात, आतल्या आत तापून.
म्हणून कुंपणाच्या तारेवर एकेक पसरल्या.
रात्री दोन वाजता त्यानं मला हलवलं.
"किती मोजल्यास?"
अकरा.
"बारा होत्या."

टॉर्च घेऊन दोघं बाहेर.
थंडी, तेलाचा वास, दूर घाटात ट्रक.
मी सगळीकडे नीट, समोर बघत शोधत होते,
ओट्याखाली, डब्यामागे, भेरूलालच्या शिडीपाशी.

"ती बघ," तो म्हणाला,
भलतीकडेच बघत.