झाडलोट

आमच्या शेडला भोंगा नव्हता.
सहाला नान्ना खटका पाडायचे
आणि सोळा माग एकामागून एक गप्प व्हायचे.
मग मी केरसुणी घ्यायची.

प्रत्येक मागाखालचा भुगा वेगळा काढायचा, हा त्यांचा नियम.
चिमूटभर उचलून उजेडात धरायचे:
"अकरा नंबर सूत खातोय.
कापडात अजून दिसणार नाही.
महिन्याभराने दिसेल."
दिसायचं.

त्यांच्या हातांखाली मात्र कुणी झाडलं नाही.
बोटं आधी धोट्यावर नाचली, मग ताटावर,
मग झोपेशिवाय थांबेनात.
साखर पेठ म्हणाली, राजेशम पिऊन येतो.
अत्ताच्या वेळी म्हणाली होती, अंगात येतं.

माझ्यात ते आहे, हे दोन वर्षांपूर्वीच कळलं.
जनुकाच्या कागदावर आहे किंवा नाही, एवढंच असतं.
केव्हा, ते नसतं.
केव्हासाठी आता रक्त बघतात.
मेंदूतले तंतू झिजू लागले
की त्यांचे तुकडे रक्तात उतरतात,
हात हलायच्या कितीतरी आधी.
डॉक्टर चिंचोरे बाई आकृती काढत होत्या.
मी म्हटलं, कळलं. मागाखालचा कचरा.
त्यांनी पेन खाली ठेवलं.

एक नळी, जांभळ्या टोपणाची,
बर्फाच्या डब्यातून रात्रीच्या गाडीने पुण्याला गेली.
कोपरात कापूस दाबून
मी त्रेचाळीसच्या उन्हात सात रस्त्यापर्यंत चालत आले,
रिक्षा रिकाम्या जात असताना.

आकडा आला. थोडा वर.
थोडा म्हणजे किती?
एका आकड्याला दिशा नसते, बाई म्हणाल्या,
सहा महिन्यांनी पुन्हा घेऊ, मग दोन होतील.
बोलताना त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.
मी तो टेबलाखाली घेतला.

घरी पुरुषोत्तम. धाकटा.
त्याने काहीच तपासलेलं नाही,
पुढच्या महिन्यात सुपारी फुटायची आहे.
काय आलं, हे त्याने विचारलं नाही.
माझ्या भाकरीवर शेंगाचटणी वाढली,
वर तेल सोडलं, ते जरा बाहेर सांडलं,
आणि आम्ही दोघंही त्या तेलाकडे
लागतो त्यापेक्षा जास्त वेळ बघत राहिलो.

रात्री शेजारच्या शेडमध्ये धागा तुटला.
माग बंद.
कुणीतरी बोट ओलं करून टोक शोधत असणार.
मी अंथरुणात मोजत होते.
सतरा. अठरा.
एकोणिसाला खडखडाट पुन्हा सुरू झाला.