शून्य पूर्णांक सात

सूर गावात दुपारी अजून
लाकडी गलबताला खिळे ठोकल्याचा आवाज येतो.
त्या आवाजाच्या पलीकडे, कुंपणाच्या आत,
मी समुद्र मोजतो.
म्हणजे मीठ काढून टाकल्यावर जे उरतं, ते.

पडद्यांतून पिळून आलेलं पाणी
इतकं कोरं, की जिभेला पत्ता लागत नाही.
मग त्यात चुना, थोडा वायू,
आणि शेवटी पंपाच्या टिकटिकीवर फ्लोराइड:
लिटरमागे शून्य पूर्णांक सात मिलिग्रॅम.
दीडच्या वर गेलं तर भोंगा वाजतो,
माणसं धावतात, झडप बंद होते.
मी दोनदा धावलोय.

दात किडू नयेत म्हणून घालतो,
शम्सा अल-अरैमी सांगते
शाळेच्या सहलीला आलेल्या मुलांना.
मी मागे उभा असतो. तोंड मिटून.

व्हिसाच्या मेडिकलला डॉक्टरनं टॉर्च मारला होता.
तंबाखू किती वर्षं?
म्हटलं, साहेब, कधीच नाही.
पाणी प्यायलो.
त्याला तो विनोद वाटला.

तेंदूखोरीची हापशी मी शाळेत असताना बसली.
तिच्या पहिल्या धारेला नारळ फोडला होता,
आणि त्याचं खोबरं आम्ही पोट्टे पळवून खाल्लं होतं.
पुढं आमच्या वर्गातल्या सगळ्यांचेच दात
भिंतीवर ओल चढावी तसे तपकिरी झाले,
म्हणून कुणी कुणाला चिडवलं नाही.
मग दादाचे गुडघे. मग त्याची मान.
आता तो मागे वळून पाहत नाही,
पूर्ण अंगानं फिरतो,
बैलगाडी वळवावी तसा.

या रजेहून येताना
लोणच्याच्या बरणीशेजारी एक बाटली आणली.
कस्टमवाल्यानं विचारलं, हे काय?
मी म्हटलं, तीर्थ.

रात्रपाळीला, तंकच्चन चहाला गेल्यावर,
नमुन्यात लाल रंग सोडला.
फ्लोराइड जितकं जास्त तितका हा रंग फिका पडतो.
आमच्या टाकीच्या नळीत तो डाळिंबी राहिला.
गावच्या नळीत
धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखा.
यंत्र म्हणालं: मर्यादेबाहेर.
पाचपट पातळ करून पुन्हा घातलं,
ते पातळ करायला अर्थात इथलंच कोरं पाणी.
सहा पूर्णांक आठ.

भोंगा वाजला नाही.
तो फक्त आमच्या टाक्यांना जोडलेला आहे.

वहीत रकाना होता: नमुना कुठला.
मी लिहिलं, घर.
सकाळी शम्सानं तो आकडा दोनदा वाचला,
माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच
माझ्या तोंडाकडे.
काही बोलली नाही. आद्याक्षरं केली,
रोज करते तशी, हिरव्या पेनानं.

वहिनीला फोनवर आकडा सांगितला.
ती म्हणाली, हापशीले लाल फुली मारून गेले होते ना,
दोन पावसाळ्यात पुसली.
अन् त्या फिल्टरवाल्या टाकीची किल्ली
ज्याच्यापाशी होती, तो नागपूरले रायते आता.
पाणी तर गोड लागते बाप्पा.

मागे तिची घागर भरत होती.
मला ऐकू येत होतं, तळाचा खोल आवाज
हळूहळू वर चढत, बारीक होत,
आणि ती थांबायच्या आधीच
माझं रिचार्ज संपलं.