नियम अकरा

मार्चात, रस्त्याकडेला काळ्या बर्फाचे ढीग असताना
तेओफिलानं सात बिया रात्रभर कोमट पाण्यात ठेवल्या.
तुकतुकीत, ठिपक्याठिपक्यांच्या,
कुत्र्याच्या कानामागून काढलेल्या टम्म गोचिडांसारख्या.
सकाळी दह्याच्या रिकाम्या डब्यांत एकेक निजवली
आणि डबे हीटरवरच्या खिडकीत मांडले.

आमच्या ग्दिनियात मेच्या पंधरवड्याआधी
कुणी काही बाहेर लावत नाही.
पांक्रात्सी, सेर्वात्सी, बोनिफात्सी, तीन गारठलेले संत
ओळीनं येऊन जातात,
त्यांच्या मागून थंड झोश्का,
जाता जाता टोमॅटोच्या गालाला हात लावते.
तेओफिलानं सोळा तारखेची वाट पाहिली.
मग कोपरभर खोल खड्डे, तळाशी घोड्याची कुजलेली लीद,
आणि आमच्यातल्या कुंपणाला लागून
हातभर उंचीची सात रोपं.

जूनमध्ये गुडघ्याला. जुलैत खांद्याला.
ऑगस्टात मी आठवडाभर बहिणीकडे जाऊन आलो
तर माझ्या कांद्यांवर सावली.

एरंड.
देठ बीटाच्या रसात बुडवून काढल्यासारखे,
पानं म्हणजे आठ-आठ बोटांचे पंजे,
वाऱ्यात एकमेकांना टाळी देणारे.
ओसाड गावी एरंड बळी, म्हणतात.
पण इथे काय ओसाड होतं?
सफरचंदं होती, आलुबुखार होते,
झेनॉनचे बक्षीस मिळवलेले डेलिया होते,
तरी सगळ्यांच्या डोक्यावरून बघत होता तो तोच.

नियम अकरा: बागेत दोन मीटरहून उंच झाड नसावं.
मी समितीचा खजिनदार, म्हणून मोजणी माझ्याकडे.
शिडीवर चढलो.
माझी टेप तीन मीटरची.
ती संपली, एरंड उरला.

सभा अवजारांच्या खोलीत, फावड्यांच्या मधोमध.
झाड कशाला म्हणायचं?
जे थंडीत मरतं ते झाड कसं?
मग मक्यालाही नोटीस देणार का?
कुणी म्हणालं, बियांत विष असतं, पोरंबाळं येतात.
तेओफिला म्हणाली, म्हणून तर फुलोरा कात्रीनं उडवते,
एकच घोस ठेवते, त्याला जुना मोजा बांधून.
मोजा कुणाचा, यावर वीस मिनिटं.
एरंडाचं गुऱ्हाळ म्हणजे काय
ते मला त्या रात्री कळलं:
चरक फिरतो, बैल घामाघूम, कढईत थेंब नाही.
ठराव: निर्णय पुढच्या सभेत. तीन नोव्हेंबर.

एकदा कुंपणावरून विचारलंच मी,
बाई, एवढा उंच कशाला?

ती नळी गुंडाळत होती. म्हणाली,
बंदरात एकतीस वर्षं क्रेनच्या केबिनमध्ये बसले.
एकतीस वर्षं सगळं खाली.
टोप्या खाली, डबकी खाली,
जहाजांची उघडी पोटं, पोटातली पोती.
पाखरंसुद्धा वरूनच पाहिली, पाठीकडून.
आता मान आखडलीये.
डॉक्टर म्हणतो, रोज दहादा वर बघत जा.
छताकडे किती बघायचं माणसानं?

आणि तिनं वर पाहिलं. सावकाश.
हाड कडकन वाजलं, मला ऐकू आलं.
चार, म्हणाली. अजून सहा.

एकोणीस ऑक्टोबरच्या रात्री हिव पडलं.
सकाळी सगळी पानं काळी,
दारामागे टांगलेल्या ओल्या छत्र्यांसारखी.
नियम अकरा पाळला गेला.
तिनं करवत आणली, मी बुंधे धरले.
आतून पोकळ निघाले, हलके,
इतके की मला उगाच लाज वाटली.
मोज्यातून तिनं बिया काड्यापेटीत ओतल्या,
पेटी खिशात, खिशाला सेफ्टी पिन.

तीन नोव्हेंबरला विषय क्रमांक चार
कुणी काहीच न बोलता गाळला.

कांद्यांवर आता ऊन येतं, पण कांदे कधीच काढून झाले.
मी वर बघतो.
जिथे पंजे होते तिथून सरळ बंदर दिसतं,
करड्या आभाळात एक लांब क्रेन
काहीतरी उचलून अगदी हळू वळते आहे,
आणि काचेत कुणीतरी खाली बघतंय.

डिसेंबरात मी पाच मीटरची टेप घेतली.