सोमवारची शिकवणी

विट्यात सोमवारी लाईट नसायची,
म्हणून सोमवारी विलंबित.

बाकीचे दिवस खाली लिपाऱ्यांचे सोळा माग
आणि वर पत्र्याच्या खोलीत
म्हेत्रेबाईंचा संगीत वर्ग.
मजला इतका थरथरायचा
की पेटीवर ठेवलेलं चष्म्याचं घर
सरकत सरकत
मध्य सप्तकातून तारात जायचं.
बाई ते उचलून पुन्हा खर्जात ठेवायच्या,
आणि म्हणायच्या, म्हणा, सोळा मात्रा फुकटात मिळतायत.

पुस्तकात प्रत्येकाला वेळ दिलेली.
भैरव पहाटे, मालकंस मध्यरात्र उलटल्यावर,
मारवा दिवस बुडताना.
आम्ही सगळं सव्वाचारला गायचो,
दप्तरं भिंतीला लावून.
दिलशाद मुलाणीनं एकदा विचारलं,
बाई, चालतं का हे असं?
बाई म्हणाल्या, रागाला विचार.
सातच्या आत घरी तुला पोचायचंय, त्याला नाही.

माझे वडील सेलमला, गलाईच्या दुकानात.
रविवारी फोन.
पोरी, सोन्याचा कस आम्ही लावतो, गळ्याचा कोण लावतं?
लावतात, मी सांगायचे,
एप्रिलमध्ये, सांगलीत, शंभर रुपये लेट फी भरून.
ते हसायचे. मागे भट्टीचा पंखा घरघरायचा,
काळी दोनच्या जवळपास कुठेतरी.

बाईंचं विशारद अर्धं राहिलेलं.
हे आम्हाला माहीत होतं
आणि विचारायचं नाही, हेही.
मिरजेहून आणलेला त्यांचा तंबोरा,
भोपळ्याला चीर, चिरीत एमसील.
सोमवारी खालचे माग थांबले
की पहिली पाच मिनिटं त्या काही शिकवायच्या नाहीत.
तारा छेडत बसायच्या.
ऐका, म्हणायच्या. आता सापडेल.
काय सापडेल ते सांगायच्या नाहीत.
मला तर फक्त
खालच्या कामगारांचं तंबाखू मळणं ऐकू यायचं,
आणि खूप उशिरानं, एखाद्या सोमवारी,
खर्जाच्या तारेतून कुणीच न वाजवलेला
गंधार.

मध्यमेच्या परीक्षेला मी फरक पाठ केला होता.
मारवा, वादी कोमल रिषभ, संवादी धैवत.
पुरिया, वादी गंधार, संवादी निषाद.
परीक्षकांनी मान डोलावली. आता गा, म्हणाले.
हायस्कूलचा हॉल, सतरंजी, उकाडा,
आणि इतकी शांतता
की मला माझाच श्वास मध्ये मध्ये येऊ लागला.
आलाप निभावला.
बंदिशीत, दुसऱ्या आवर्तनात,
नवव्या मात्रेवर मी खाली पाहिलं.
खाली काहीच चालू नव्हतं.
समेवर तबलजी एकटाच पोचला.

येताना एसटीत बाई तासगावपर्यंत बोलल्या नाहीत.
मग द्राक्षांचा पुडा उघडला,
आणि म्हणाल्या, चूक माझी.
तुला मी सोमवारी जास्त बोलवायला हवं होतं.

पुढच्या वर्षी पास झाले. नंतर विशारदही.
बाईंना पेढे द्यायला गेले
तर त्यांनी प्रमाणपत्र हातात घेऊन
दोन्ही बाजू वाचल्या, मागची कोरी बाजूसुद्धा.

आता मी पलूसला, शाळेत.
कागदावर संगीत शिक्षिका,
वेळापत्रकात सहावीचा भूगोल,
आणि शुक्रवारी शेवटचा तास गाणं, तोही
मुख्याध्यापकांना रजेचा हिशोब नसेल तर.
लिपाऱ्यांनी माग भंगारात घातले.
किलोनं गेले, दिलशाद सांगत होती.
बाईंच्या खोलीत आता रोजच सोमवार.
पण ऐकायचं यंत्र कानात घालून बसतात,
आणि त्याची बॅटरी
कधी संपली ते त्यांना कळत नाही.

काल एका मुलीनं वही पुढं केली.
बाई, भूप रात्रीचा पहिला प्रहर.
मग आपण आत्ता का गातोय?
घड्याळात चार वाजून पंधरा.
खिडकीबाहेर ऊस भरलेला ट्रॅक्टर
चढावर अडकून एकाच लयीत धापत होता.

लिहिताना रात्र लिही, मी म्हटलं.
आणि आता हा निघून जायच्या आत
सा लाव.