निमरंग

पारकेंटच्या उतारावर, दव सुकता सुकता,
नोरखोल-आपा काठी घेऊन निघते.
काठीच्या टोकाला सशाच्या कातड्याचा गोंडा.
आधी शेजारच्या ओळीतल्या रांगड्या वेलीला गोंजारायचं,
मग निमरंगच्या घोसाला.
दोनदा. तिसऱ्यांदा नाही. म्हणते, लाडावतात.

निमरंग म्हणजे अर्ध्या रंगाची:
एक गाल गुलाबी, दुसरा हिरवट.
फुलाचंही तसंच.
बाई पुरती, पुरुष नावाला.
केसर आहेत पाच, पण टोपी गळताच
मागे वाकतात,
वाढायला उभं राहून
ऐनवेळी पाठ फिरवल्यासारखे.

मी ताश्कंदहून सूक्ष्मदर्शक घेऊन आलेली.
काचेवर पराग ठेवला, रंग घातला. लाल चढला,
म्हणजे दाणा पोकळ नाही.
साखरेच्या पाण्यात रात्रभर ठेवला.
एकातूनही नळी बाहेर आली नाही.
धडक्या परागाला तीन चिरा असतात.
याला एकही नाही.
आत दस्तरखान मांडलेला, दिवा लावलेला,
फक्त गवंड्याने भिंतीत दार सोडलं नाही.

वहीत मी संजीवकांची नावं लिहिली:
ऑक्सिन, जिबरेलिन, सायटोकायनिन.
कुठलं कमी, कुठल्या दिवशी, कळीत की मुळाशी.
प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह.
आपाने वही उलटी धरून पाहिली.
"एवढे विळे कशाला काढलेस?"

जुलैत चौदावी ओळ वेगळी दिसू लागली.
मिरीएवढे दाणे, बी नसलेले,
मधूनच एखादा टपोरा,
वाऱ्याने चुकून लग्न लावलेला.
मी नाचलेच. तुलनेला अशीच ओळ हवी होती,
मागायचा धीर झाला नव्हता.
"आपा, ही बरी विसरलीस!"

ती बोलली नाही.
गोंड्यात अडकलेल्या काड्या काढत बसली.
मग म्हणाली, त्या दिवशी एर्गाश सैन्यात गेला.
गाडी सहाची सांगितली, सुटली अकराला.
विसरले नव्हते मी.
फूल थांबत नाही, एवढंच.

अहवालात त्या ओळीपुढे लिहिलं होतं: "न हाताळलेली".
खोडलं.
दुसरा शब्द सापडेना, पुन्हा तोच लिहिला.

सप्टेंबरात आपाने ते बारके घोस
छपरावर वेगळे सुकवले,
कापडी पिशवीत भरले, तोंड शिवलं.
बी नाही, म्हणाली,
थंडीत दात शिवशिवतात त्याचे,
बरं पडेल.