हिरवी वाट

हत्ताच्या धरणाशी पाटी आहे:
हिरवी वाट, निळी, लाल, काळी.
विश्राम ती हॉटेलातल्या मेनूसारखी वाचतो
आणि स्वस्तातलं घेतो.

कोकणकड्याच्या टोकाला पालथं पडून
ज्याने खाली दगड सोडले, कान देऊन ऐकले,
तो आता विचारतो, उतार किती, बाक कुठे.
परांचीवरून पडल्याला अकरा वर्षं झाली.
नवा पाय जर्मन. खडीत कुरकुरतो,
हा त्याला मालवणीत शिव्या घालतो.

बाकीचे लाल वाटेने गेले. वरून
टोप्या हलवतात; त्यांच्या हाका
डोंगरावर आपटून पाण्यात पडतात,
उशिरा.

हिरवी वाट चारशे पावलं.
त्यातली दोनशे मोजायची मी विसरले,
कारण मधेच एक बकरी आली
आणि थर्मासच्या झाकणातला चहा पिऊन गेली.

पाणी हिरवट. भोवती तपकिरी डोंगर,
झाड औषधालाही नाही.
विश्राम काठावर बसून पाय सोडवतो,
दगडाला टेकवून ठेवतो,
सावलीत,
आणि चपटा खडा शोधू लागतो.

पहिला बुडतो. दुसराही.
तिसरा
तीन टप्पे जातो.

"मोजलेस ना?" म्हणतो.
"मोजलेस?"